वेस मॉन्टगोमेरीचा ‘बम्पिन’: आधी गिटार, मग ऑर्केस्ट्रा

‘बम्पिन’ हा अमेरिकन जॅझ गिटारवादक वेस मॉन्टगोमेरी याचा 1965 सालचा स्टुडिओ अल्बम. व्हर्व्ह या कंपनीने तो काढला. निर्माता क्रीड टेलर, तर ऑर्केस्ट्राचे संयोजन डॉन सेबेस्की याचे. वेस आणि सेबेस्की या जोडीचे हे पहिलेच काम होते.

वेसचा जन्म 1923 मध्ये इंडियानापोलिसचा. गिटार तो स्वतःच शिकला. बहुतेक वादक पिक वापरतात, वेस मात्र उजव्या हाताच्या अंगठ्याने तारा छेडायचा. त्यामुळे आवाज गोल आणि मऊ येई. एकच स्वर दोन सप्तकांत एकाच वेळी वाजवत तो पूर्ण धून खेळवायचा, आणि हीच त्याची ओळख ठरली.

अडचण एकच होती: त्याला नोटेशन वाचता येत नव्हते. आपल्याकडे नोटेशन न वाचणारा मोठा कलाकार असला, तर कुणाला नवल वाटत नाही. पण ऑर्केस्ट्रात व्हायोलिन, व्हायोला, चेलो वाजवणारा प्रत्येक जण समोरच्या कागदावरून वाजवतो. तिथे मधोमध बसून, ठरलेल्या जागीच सुरू करायचे आणि ठरलेल्या जागीच थांबायचे, हे मनाने वाजवणाऱ्याला जड जाते. वेसचेही तसेच झाले. या वाचणाऱ्या मंडळींमध्ये तो मोकळा होईना.

मग सेबेस्कीने क्रम उलटा केला. वेसने आधी छोट्या संचाबरोबर हवे तसे वाजवायचे, आणि ते रेकॉर्डिंग ऐकून सेबेस्कीने त्याभोवती व्हायोलिनची साथ लिहायची. साधी युक्ती, पण अल्बम त्यानेच तरला. गिटार ऑर्केस्ट्राच्या मागे धावत नाही. ऑर्केस्ट्राच गिटारच्या श्वासाप्रमाणे चालतो.

छोट्या संचात पियानोवर रॉजर केलावे, बासवर बॉब क्रॅनशॉ आणि ड्रम्सवर ग्रेडी टेट होते. रेकॉर्डिंग न्यू जर्सीतल्या रूडी व्हॅन गेल्डरच्या प्रसिद्ध स्टुडिओत झाले. अल्बममध्ये वेसच्या स्वतःच्या रचनांबरोबर डिझी गिलेस्पीची ‘कॉन अल्मा’ आणि ‘द सँडपायपर’ चित्रपटातले ‘द शॅडो ऑफ युअर स्माइल’ही आहे. एकच ट्रॅक ऐकायचा असेल तर शीर्षक रचना ‘बम्पिन’ लावा. बासची संथ चाल, त्यावर गिटार, आणि व्हायोलिन बऱ्याच उशिरा, हळूच येतात.

जॅझच्या कट्टर चाहत्यांना वेसचे हे वळण रुचले नाही. व्हायोलिनमुळे जॅझ गुळचट होते, ही त्यांची तक्रार. वेसच्या नंतरच्या काही अल्बमबाबत ती खरीही आहे. ‘बम्पिन’ला मात्र ती लागू पडत नाही. शिवाय त्याच वर्षीचा ‘स्मोकिन ॲट द हाफ नोट’ ऐकला की तोच अंगठा क्लबमध्ये काय आग लावत होता ते कळते.

1967 मध्ये सेबेस्कीबरोबरच केलेला ‘अ डे इन द लाइफ’ जोरात खपला. त्यात बीटल्सची गाणी होती. पुढच्याच वर्षी, 15 जून 1968 रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने वेस गेला. तेव्हा तो 45 वर्षांचा होता.