नळ्यांची मापं आणि कारागिराचा आवाज

ऑर्गन म्हटलं की आपल्याला संगीत नाटकातली पायपेटी आठवते. पाइप ऑर्गनचा प्रकार वेगळा. त्यात भात्यातली हवा शेकडो, कधी हजारो नळ्यांत सोडली जाते आणि सूर नळीतून निघतो. प्रत्येक सुराला स्वतंत्र नळी, आणि आवाजाच्या प्रत्येक जातीचा स्वतंत्र संच. या संचाला स्टॉप म्हणतात. एवढं वाद्य बहुधा चर्चच्या इमारतीबरोबरच बेतलेलं असतं. त्यामुळे त्याची नोंद करणं हे वास्तू मोजण्याच्याच जवळचं काम आहे.

मी मूळचा इंजिनिअर, संगीताचं शिक्षण शून्य. या विषयात ओढला गेलो तो मापांमुळे. सर्वात खालच्या 'सी' सुराची उघडी नळी साधारण ८ फूट लांब असते, एक सप्तक वरची ४ फूट. लांबी निम्मी होते, मग व्यासही निम्मा होत असेल असं मी धरून चाललो होतो. तसं केलं तर वरचे सूर किरटे होतात. म्हणून व्यास सावकाश कमी करतात. तो निम्मा होतो साधारण सोळाव्या-सतराव्या नळीला. नेमका कुठे, तोंडाची रुंदी किती, कथील किती आणि शिसं किती, हे प्रत्येक कारागीर आपल्या कानाने ठरवायचा. ही मापं म्हणजेच त्याची सही.

जर्मनीतला आर्प श्निटगर (१६४८–१७१९) हा असाच एक कारागीर. त्याने नवी बांधलेली आणि दुरुस्त केलेली मिळून सुमारे १७० वाद्यं मोजली जातात. हॅम्बुर्गच्या सेंट याकोबी चर्चमधलं ऑर्गन त्याने १६८९ ते १६९३ मध्ये बांधलं. चार कीबोर्ड, पायांनी वाजवायच्या पट्ट्या, ६० स्टॉप, सुमारे ४,००० नळ्या. जुन्या ऑर्गनच्या चांगल्या नळ्या त्याने मोडीत न काढता त्यातच वापरल्या. १७२० मध्ये इथल्या वादकाच्या जागेसाठी खुद्द बाख उमेदवार होता.

पहिल्या महायुद्धात जर्मनीला कथिलाची टंचाई पडली. १९१७ मध्ये चर्चमधल्या ऑर्गनच्या दर्शनी नळ्या सरकारजमा होऊन वितळल्या. याकोबीच्याही गेल्या. उरलेल्या वाद्याकडे लक्ष वेधलं ते हान्स हेनी यान या लेखकाने. युद्ध टाळण्यासाठी नॉर्वेला गेलेला हा माणूस परत आला आणि या ऑर्गनच्या मागे लागला. १९२० च्या दशकात त्याच्या खटपटीने दुरुस्ती सुरू झाली. १९२५ मध्ये हॅम्बुर्ग आणि ल्यूबेक इथे जाणकारांची परिषद भरली. जुनं ऑर्गन म्हणजे मागासलेलं यंत्र नव्हे, त्याचा आवाज मुद्दाम तसा घडवलेला आहे, हा विचार तिथून जोर धरू लागला.

मग दुसरं महायुद्ध. यावेळी जुन्या नळ्या आणि हवेच्या पेट्या आधीच उतरवून सुरक्षित ठेवल्या होत्या. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात चर्च उद्ध्वस्त झालं, ऑर्गनची कोरीव लाकडी चौकट जळाली, पण नळ्या वाचल्या.

दरम्यान गुस्टाव फॉक हा अभ्यासक चर्चची दप्तरं चाळत होता. करारनामे, हिशेबाच्या वह्या, पावत्या. कुठलं वाद्य श्निटगरचं, कुठलं त्याच्या शिष्याचं, हे त्याने कागदावरून लावलं. त्याचा श्निटगर आणि त्याच्या परंपरेवरचा ग्रंथ १९७४ मध्ये आला. कागदाला जोड नळ्यांची. कारागीर नळीवर सुराचं अक्षर कोरून ठेवत, त्या अक्षराच्या वळणावरूनही हात ओळखता येतो.

पुढे युर्गेन आरेंट याने ऑर्गनचा सखोल जीर्णोद्धार केला. ते काम १९९३ मध्ये पुरं झालं. वितळलेल्या दर्शनी नळ्यांच्या जागी कथिलाच्या नव्या उभ्या राहिल्या. मला विचाराल तर खरा धडा इथे आहे. नळ्यांची एक रांग गेली तरी तिच्या शेजारच्या रांगांत आणि त्याच हाताच्या इतर वाद्यांत कारागिराचा हिशेब शिल्लक असतो. मात्र तो कुणीतरी मोजून लिहिलेला हवा. सगळंच गेलं आणि नोंदही नसली, तर पुन्हा बांधाल ते वाद्य तुमचं, त्याचं नव्हे.

आपल्या मंडळात आपण वाडे, शिलालेख, घराण्यांची दप्तरं नोंदवतो. वाद्यांच्या बाबतीत मात्र वाजवणाऱ्याचं नाव लिहितो, घडवणाऱ्याचं क्वचित. कुणाच्या माळ्यावर जुनी पायपेटी असेल, देवळात जुना तंबोरा असेल, तर फोटोवर थांबू नका. फूटपट्टी घेऊन बसा. आतल्या बाजूला पेन्सिलीने काही लिहिलंय का, तेही बघा. कारागीर बहुतेक वेळा आपली खूण तिथेच ठेवून जातो.