तारा सात, वाट एक

मंडळी, लिनक्सच्या राऊटरला दोन कंपन्यांच्या लाईन जोडायच्या, म्हणजे एक गेली की दुसरी आपोआप चालू. आज हे आपण घरीसुद्धा करतो. पण ही कल्पना आली कुठून?

१९६४ साली अमेरिकेत रँड संस्थेच्या पॉल बॅरन यांनी मांडलं, की जाळं असं विणा की काही गाठी तुटल्या तरी निरोप उरलेल्या वाटांनी पोहोचेल. १९६९ साली चार ठिकाणं जोडून आर्पानेट सुरू झालं. ते काही युद्धासाठी बांधलेलं नव्हतं, संगणक वाटून वापरता यावेत हा त्याचा हेतू. मात्र त्याची यंत्रं शेजाऱ्याला सारखी हाक मारायची. ओ आली नाही की लाईन मेली असं धरायचं, आणि वाट बदलायची.

आता १२ डिसेंबर १९८६ बघा. न्यू इंग्लंडला उरलेल्या आर्पानेटशी जोडणाऱ्या सात लाईन होत्या. नकाशावर सात! प्रत्यक्षात सातही न्यूअर्क ते व्हाइट प्लेन्स या टप्प्यात एकाच फायबर केबलमधून जात होत्या. ती केबल तुटली आणि सगळा प्रदेश वेगळा पडला. यंत्रं हुशार होती हो, पण वळायला वाटच नव्हती.

जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल तुटल्या. दोन्ही मुंबईला येणाऱ्या. मालक वेगळे, पण समुद्र तोच. भारतात इंटरनेट मंदावलं.

आता आपल्या राऊटरकडे येऊ. लिनक्समध्ये दोन डिफॉल्ट रूट ठेवता येतात. ज्याचा मेट्रिक कमी, तो आधी वापरला जातो. पण मोडेमचा दिवा चालू आणि कंपनीचं पुढचं नेटवर्क बंद, असं झालं तर कर्नलला ते कळत नाही. त्याच्या दृष्टीनं तार शाबूत आहे. म्हणून एक छोटी स्क्रिप्ट दूरच्या पत्त्याला पिंग करते. म्हणजे तीच जुनी हाक! प्रत्येक लाईनची हाक त्याच लाईनमधून जायला हवी, नाहीतर दुसरीकडून ओ येते आणि आपण फसतो. एका पिंगवर निर्णय घेऊ नये. लागोपाठ काही चुकले तरच वाट बदलावी, आणि परत येतानाही थोडं थांबावं. नाहीतर राऊटर दोन्हीकडे हेलकावे खात राहतो.

एवढं सगळं नीट केलं, तरी १९८६ चा प्रश्न उरतोच. दोन्ही कंपन्यांच्या तारा एकाच खांबावरून येत असतील, तर बिलं दोन आणि वाट एकच. स्क्रिप्टला हे दिसत नाही. ते बाहेर जाऊन, मान वर करून बघावं लागतं. दुसरी लाईन घेण्याआधी तेवढं बघा. शक्य असेल तर एक तार आणि एक मोबाईल सिम ठेवा, आणि दोन्ही मोडेम वीज गेल्यावरही चालतील याची सोय करा.