वाट वाकडी करून

निपाणीहून बेळगावला जायचे तर संकेश्वरावरून सरळ रस्ता. पाठीवर पिशवी टाकून भटकण्याच्या वयात आम्ही दोघा मित्रांनी एका श्रावणात तो सोडला आणि हुक्केरी, घटप्रभा अशी वाट वाकडी करून गोकाकचा धबधबा गाठला. घरी सांगितले नव्हते. आमच्या घरी ‘गोकाक’ हे गावाचे नाव नव्हतेच. वि. कृ. गोकाक समितीचा अहवाल, कन्नड हीच पहिली भाषा व्हावी म्हणून १९८२ साली उठलेली चळवळ, आणि मग मराठी शाळेतल्या पोरांचे काय, ही आमच्या सोप्यावरची रोजची चर्चा. त्या नावाने वडिलांचा चेहरा कठोर होई.

धबधबा दिसण्याआधी कानावर आला. घोड्याच्या नालेसारखा कडा, आणि सुमारे १७० फुटांवरून कोसळणारे तांबडे पाणी. (उन्हाळ्यात गेलात तर बहुतेक कातळच पाहून परताल.) १८८४ च्या बेळगाव गॅझेटियरमध्ये याचे वर्णन आहे. त्यानंतर वर्षभरातच, १८८५ साली, या पाण्याच्या जोरावर सूतगिरणी चालवण्यासाठी कंपनी स्थापन झाली. काठावर चालुक्यकालीन देवळे, शेजारी गिरणी आणि नदीवर दोनशे मीटरचा झुलता पूल. आम्ही जीव मुठीत धरून तो ओलांडला.

पलीकडे एक म्हातारी कणसे भाजत होती. तिने कन्नडमध्ये गाव विचारले. ‘निपाणी’ म्हणताच ती मराठीत बोलू लागली, “मग आमचंच की! थोरली बहीण दिलीया तिकडं, तंबाखूच्या वखारीत जाती.” एवढे पाणी कुठून येते, असे मित्राने सहज विचारले. “तुमच्याकडनंच,” ती म्हणाली.

खरेच होते ते. हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते, आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळते. खुद्द घटप्रभा येते चंदगडकडून. हा चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली तेव्हा बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तेवढा मुंबई राज्यात राहिला, कोल्हापूर जिल्ह्यात. म्हणजे नदीचे माहेर एका राज्यात आणि धबधबा दुसऱ्या. वाटणीच्या नकाशात गावे मोजली गेली. पाणी कुणी मोजले असेल का, कोण जाणे.

रात्री घरी पोहोचलो. विजारीवरचे तांबडे शिंतोडे पाहून वडिलांनी विचारले तेव्हा खरे सांगावे लागले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “ते गोकाक कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य होते, ठाऊक आहे?” मला ठाऊक नव्हते.

आई ताट वाढत होती. पहिला घास घेऊन त्यांनी पुन्हा मान वर केली.

“पाणी किती होतं रे?”