शब्दामागचा माणूस : महाडच्या परिषदेतून आपण काय घ्यावे?



आपल्या विहारात १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, वर्धापनदिन असे कार्यक्रम होतात आणि दर वेळी वक्ते येतात. कुणाच्या भाषणाला टाळ्यांचा कडकडाट होतो, पण मांडव सुटला की तो काय बोलला ते कुणाला सांगता येत नाही. दुसरा कुणी हळू आवाजात साधंच बोलून जातो आणि त्याचं म्हणणं घराघरात वर्षभर निघत राहतं. असे का होते? लोकांना पटते ते कशामुळे? हे समजून घ्यायला आपल्याला दूर जायला नको. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला काय केले, तेवढे नीट पाहिले तरी पुरे.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ सालीच मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. पण ठराव कागदावरच राहिला. तळ्यावर जाऊन ओंजळ भरायची कुणाची छाती होत नव्हती. जनावरे पाणी प्यायची, माणसाला बंदी!

खेड्यापाड्यांतून भाकरी बांधून आलेल्या माणसांनी बाबासाहेबांच्या शब्दावर विश्वास का ठेवला? एक कारण उघड आहे. कोलंबिया आणि लंडन येथे उच्च शिक्षण घेऊन ते १९२३ साली बॅरिस्टर होऊन परतले होते. पण शिकलेला माणूस आपला असतोच असे नाही, हे आपल्या लोकांना तेव्हाही ठाऊक होते. विद्येच्या जोडीला दुसरी गोष्ट होती. साताऱ्याच्या शाळेत वर्गात गोणपाटावर बाजूला बसलेला हा मुलगा. बडोद्याला १९१७ साली मोठ्या नोकरीवर असताना राहायला जागा मिळेना म्हणून परत फिरलेला हा माणूस. ऐकणाऱ्यांच्या अंगावर जे वळ होते तेच बोलणाऱ्याच्याही अंगावर होते.

म्हणून त्यांच्या भाषणाची सुरुवात पाहण्यासारखी आहे. त्यांनी पदव्यांचा उल्लेख करून भाषण सुरू केले नाही. ते बोलले दापोलीबद्दल. तिथे त्यांचे बालपण गेले होते. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेली महार मंडळी तिथे नांदत होती, घरात चार अक्षरे होती, मान होता. पुढे सरकारने पलटणीची भरती बंद केली आणि सगळे ओसरले. समोर बसलेल्यांत कितीतरी पेन्शनरांची पोरे असतील. त्यांना तो इतिहास कुणी शिकवायला नको होता, तो त्यांच्याच घरचा होता.

मग त्यांनी काळजाला हात घातला. आपल्यापेक्षा आपल्या लेकरांनी बऱ्या स्थितीत असावे अशी इच्छाच आईबापांना नसेल, तर माणसात आणि जनावरात फरक काय राहिला, असा त्यांचा सवाल होता. सवाल जिव्हारी लागणारा होता. पण रडवून त्यांनी लोकांना तसेच सोडले नाही. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे मागणे सोडा, पोरांना शाळेत घाला, असे लगेच करायचे काम हातात दिले. आणि दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, तळ्यावर पहिली ओंजळ त्यांनी स्वतः भरली. मागून हजारो लोक पाणी प्याले.

त्यानंतर गावात अफवा उठली की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जेवणाला बसलेल्या आपल्या माणसांवर काठ्या पडल्या. बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत संतापलेली माणसे उभी होती. त्या वेळी लोकांना पेटवणे सोपे होते, आवरणे कठीण होते. त्यांनी लोकांना आवरले.

खरी कसोटी पुढे डिसेंबरात लागली. दरम्यान काही लोकांनी पंचगव्य टाकून तळे ‘शुद्ध’ करून घेतले होते. हा अपमान उरात घेऊन २५ डिसेंबरला हजारो लोक सत्याग्रहासाठी पुन्हा महाडला जमले. जमीन कुणी देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा मांडवासाठी दिली. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, आणि अनुमोदन पां. ना. राजभोज यांचे होते.

पण १४ डिसेंबरलाच कोर्टाने तळ्यावर जाण्यास तात्पुरती मनाई केली होती. लोक तरीही तयार होते. तुरुंगात जायची तयारी दाखवून सुमारे चार हजार जणांनी नावे नोंदवली. जिल्ह्याचे कलेक्टर स्वतः मांडवात येऊन समजावून गेले, तरी लोकांचा जोर ओसरला नाही. एखाद्या पुढाऱ्याला आणखी काय हवे असते? एक आरोळी दिली असती तर सारा मांडव तळ्याकडे धावला असता.

बाबासाहेबांनी आरोळी दिली नाही. आपले भांडण सरकारशी नाही, हक्क नाकारणाऱ्यांशी आहे. दावा कोर्टात आहे तोवर कायदा आपल्या हातून मोडू नये, हे त्यांनी लोकांना पटवून दिले. सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव झाला. हिरमोड झाला असेलच. पण लोक शिस्तीने मिरवणूक काढून तळ्यावरून फिरून आले आणि पाण्याला हात न लावता परतले. नऊ वर्षांहून अधिक काळ खटला चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

आमच्या मते बाबासाहेबांवरचा लोकांचा विश्वास मोजायचा असेल तर टाळ्यांवरून मोजू नये. तापलेल्या हजारो माणसांनी त्यांच्या शब्दावर पाऊल मागे घेतले, त्यावरून मोजावा. त्याच परिषदेत त्यांनी आयाबहिणींनाही वेगळे मार्गदर्शन केले. लुगडे नीट नेसा, ओळख पटवणारे जड दागिने टाका, मुलींना शिकवा. बायांनी ते मनावर घेतले. सांगणारा आपल्या भल्याचे सांगतो, ही खात्री असल्याशिवाय कुणी अंगावरचा दागिना उतरवत नाही.

पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. लोक त्या दिवशीच तयार होते. तरी बाबासाहेबांनी २१ वर्षे अभ्यास केला आणि मगच १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेतली व दिली. स्वतःला पूर्ण पटल्याशिवाय त्यांनी लाखोंना त्या वाटेवर नेले नाही.

आता थोडे आपल्याबद्दल, ऐकणाऱ्यांबद्दल. केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांपुढे हीच अडचण मांडली होती. अनेक उपदेशक येतात, आपलेच खरे म्हणतात, दुसऱ्याचे खोटे म्हणतात, मग आम्ही कुणाचे ऐकावे? भगवंतांनी सांगितले की केवळ ऐकीव आहे, परंपरेचे आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका. हिताचे की अहिताचे ते स्वतः पारखा. यात तथागतांनी स्वतःलाही वगळले नाही, हे विशेष.

म्हणून पुढच्या कार्यक्रमात वक्ता बोलायला उभा राहिला, किंवा मोबाईलवर रक्त तापवणारा निरोप आला, की तीन गोष्टी मनाशी विचाराव्यात. बोलणारा स्वतः तसा वागतो का? आपल्याला रडवून किंवा चिडवून झाल्यावर तो काही काम हाती देतो का? आणि थांबायची वेळ आली तर तो आपल्याला थांबवील का? आमच्यापैकी जे मंचावर बोलतात त्यांनी हे प्रश्न आधी स्वतःला विचारावेत. आम्हीही विचारत आहोत.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!