दोरी सुटल्यानंतर

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या देवळाच्या आवारात मुले भोवरे खेळतात. गेल्या सुट्टीतील एका संध्याकाळी जपमाळेच्या प्रार्थनेला अजून अवकाश होता, म्हणून आम्ही ओट्यावर बसून त्यांचा खेळ पाहत होतो. वेदीसेवकांपैकी एक दहा वर्षांचा मुलगा भोवरा टाकून आमच्यापाशी आला आणि म्हणाला, "फादर, दोरी तर माझ्या हातात परत आली. मग आता भोवऱ्याला फिरवतं कोण?"

आम्ही क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले, "तुझ्या हाताने त्याच्यात शक्ती भरली आहे. ती त्याला फिरवते. ती संपली की तो पडतो." मुलाचे समाधान झाले आणि आमचेही झाले. रात्री मात्र विज्ञानाच्या इतिहासाचे एक जुने पुस्तक सहज चाळत असता आमच्या ध्यानात आले की, आम्ही दिलेले उत्तर साडेसहाशेहून अधिक वर्षांपूर्वी पॅरिसच्या विद्यापीठात दिले गेले होते. त्या काळी ते फार मोठे उत्तर होते. परंतु ते बरोबर नव्हते. ज्या मुलाच्या शाळेच्या पुस्तकात काही वर्षांनी न्यूटनचे नियम येणार आहेत, त्याला आम्ही चौदाव्या शतकात पाठवून दिले होते!

या लहानशा चुकीने आम्हांला त्या प्रश्नाचा इतिहास पुन्हा एकदा वाचावयास लावले. तो इतिहास दोन हजार वर्षांचा आहे आणि त्याच्याशी ख्रिस्तसभेचा संबंध जसा अभिमानाचा आहे तसाच खेदाचाही आहे. म्हणून तो आमच्या वाचकांपुढे ठेवावा असे वाटले.

आरंभ ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल (इ. स. पू. 384 ते 322) याच्यापासून करावा लागतो. त्याची शिकवण आपल्या रोजच्या अनुभवाशी जुळणारी होती. बैल थांबले की गाडी थांबते. ढकलणारा थकला की पेटारा जागीच राहतो. यावरून त्याने निष्कर्ष काढला की, जे हलते त्याला कोणीतरी सतत हलवीत असले पाहिजे. दगड खाली येतो तो आपल्या स्वाभाविक स्थानाकडे जाण्यासाठी. पण तो आडवा किंवा वर जायचा असेल तर त्याला स्पर्श करणारा चालक हवा. मग हातून सुटलेल्या दगडाचे काय? हात तर मागेच राहिला. ॲरिस्टॉटल म्हणाला, हाताने हवेलाही गती दिली आहे आणि ती हवा दगडाला पुढे नेते. हे उत्तर आज विचित्र वाटते. परंतु चालकावाचून गती नाही हे एकदा मान्य केले की दगडाच्या आसपास हवेखेरीज दुसरे असते तरी काय?

सहाव्या शतकात अलेक्झांड्रियात योहान फिलोपोनस नावाचा एक ख्रिस्ती भाष्यकार होऊन गेला. त्याने सरळ विचारले, हवाच दगडाला नेत असेल, तर दगड काठीच्या टोकावर ठेवून मागून नुसता वारा घातला म्हणजे तो दूर जावयास हवा. पण तसे का होत नाही? त्याच्या मते फेकणारा दगडालाच एक शक्ती देतो आणि हवा उलट अडथळा करते. पुढे मुसलमान तत्त्वज्ञ इब्न सीना (980 ते 1037) याने असाच विचार मांडला आणि अडथळा नसेल तर ही दिलेली प्रवृत्ती आपोआप संपणार नाही, असेही सांगितले.

तथापि, युरोपातील विद्यापीठांत ॲरिस्टॉटलचाच शब्द प्रमाण होता. संत थॉमस अक्वायनस यांनी देवाच्या अस्तित्वाचा जो पहिला मार्ग दाखविला त्याचा पायाही, जे हलते ते दुसऱ्याकडून हलविले जाते, हाच होता. सेमिनरीत हे सूत्र आम्ही पाठ केले होते. म्हणून दगडाचा प्रश्न केवळ दगडाचा नव्हता. त्याला हात लावणे म्हणजे एका संपूर्ण विचारमंदिराच्या पायाला हात लावण्यासारखे होते.

तो हात लावला पॅरिस विद्यापीठाचे रेक्टर राहिलेल्या जाँ ब्युरिदान यांनी. चौदाव्या शतकातील हे विद्वान स्वतः दीक्षित वर्गातील होते. त्यांनी जी उदाहरणे घेतली त्यांत पहिले उदाहरण, वाचकहो, भोवऱ्याचेच आहे! भोवरा व लोहाराचे सहाणेचे चाक जागच्या जागी फिरतात. ते जागा सोडतच नाहीत, तर मागून हवा येऊन त्यांना ढकलणार कशी? दुसरे उदाहरण दोन्ही टोकांना अणी असलेल्या भाल्याचे. हवेला मागून ढकलावयास जागाच नाही, तरी तो भाला दुसऱ्यासारखाच जातो. तिसरे नावेचे. प्रवाहाविरुद्ध ओढलेली नाव ओढणे थांबविल्यावरही काही काळ पुढे जाते आणि तिच्यावर उभ्या असलेल्या खलाश्याला वारा समोरून लागतो, पाठीमागून नव्हे.

म्हणून ब्युरिदान यांनी सांगितले की, फेकणारा वस्तूत एक 'प्रेरणा' भरतो. वस्तूतील द्रव्य जितके अधिक आणि वेग जितका अधिक तितकी ही प्रेरणा मोठी. म्हणूनच पीस दूर फेकता येत नाही, दगड येतो. ही प्रेरणा आपण होऊन नाहीशी होत नाही. हवेचा विरोध आणि वस्तूचे वजन तिला खाऊन टाकतात. यापुढे ते आणखी एक पाऊल गेले. आकाशातील गोल फिरविण्यास देवदूत नेमले आहेत असे त्या काळी मानीत. ब्युरिदान म्हणाले, देवाने निर्मितीच्या वेळीच त्यांना प्रेरणा दिली असेल आणि तेथे विरोध नसल्याने ती टिकून राहिली असेल. अर्थात हा विचार त्यांनी धर्मपंडितांच्या निर्णयावर सोपविला.

द्रव्य आणि वेग यांचा गुणाकार म्हणजेच आज शाळेत शिकवितात तो संवेग. मग ब्युरिदान यांचे चुकले कोठे? त्यांच्या मते प्रेरणा ही गतीचे कारण होती. वस्तूच्या आत बसून तिला हाकणारा जणू लहानसा गाडीवान. ॲरिस्टॉटलने चालक वस्तूच्या बाहेर ठेवला होता, ब्युरिदान यांनी तो आत नेऊन बसविला. चालक हवाच, हा आग्रह मात्र दोघांचाही कायम राहिला. आम्ही त्या मुलाला दिलेले उत्तर नेमके हेच होते.

पॅरिसमध्येच निकोल ओरेम यांनी 1377 साली लिहिले की, चालत्या जहाजातील माणसाने डोलकाठीवरून हात खाली आणला तर त्याला तो सरळ खाली आल्यासारखाच दिसेल. तसेच पृथ्वी फिरत असली तरी आपल्याला ते जाणवणार नाही. अखेरीस मात्र त्यांनी स्तोत्रातील वचनाचा आधार घेऊन पृथ्वी स्थिरच मानली. त्याच वर्षी ते लिझ्यूचे बिशप झाले. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. कारण पुढील सारा संघर्ष याच जहाजाभोवती झाला.

कोपर्निकसने 1543 साली पृथ्वीला सूर्याभोवती फिरविले. त्यावर मोठा आक्षेप असा की, पृथ्वी धावत असेल तर मनोऱ्यावरून सोडलेला दगड मागे का पडत नाही? हात सुटल्यावर दगडाला पृथ्वीबरोबर कोण नेते? पुन्हा तोच प्रश्न. गॅलिलिओने (1564 ते 1642) उतरत्या फळ्यांवर गोळे घरंगळवून प्रयोग केले. त्याला दिसले की, समान कालखंडांत गोळा कापीत असलेली अंतरे 1, 3, 5, 7 या प्रमाणात वाढतात. एका उतारावरून आलेला गोळा समोरच्या चढावर जवळजवळ तितक्याच उंचीपर्यंत जातो. चढ जितका मंद तितका तो दूर जातो. मग चढच नसेल तर? अडथळा नसल्यास त्याला थांबण्याचे कारणच उरत नाही! 1632 सालच्या 'संवाद' या ग्रंथात त्याने वाचकाला जहाजाच्या बंद खोलीत नेले. तेथे फुलपाखरे उडतात, भांड्यात मासे पोहतात, टांगलेल्या बाटलीतून थेंब गळतात. जहाज उभे असो वा एका वेगाने चालत असो, त्यांच्या वागण्यात काही फरक पडत नाही.

त्या ग्रंथाबद्दल 22 जून 1633 रोजी रोममध्ये एकोणसत्तर वर्षांच्या या वृद्धाला धर्मन्यायालयापुढे गुडघे टेकून आपले मत नाकारावे लागले. उरलेले आयुष्य त्याने नजरकैदेत काढले आणि गतीवरील त्याचा अखेरचा थोर ग्रंथ 1638 साली दूर हॉलंडमधील लायडन येथे छापावा लागला. फ्रान्सच्या देकार्तने ही वार्ता ऐकून आपला तयार ग्रंथ पेटीत ठेवून दिला. त्या ग्रंथात वस्तू सरळ रेषेत आपली गती राखते हा नियम होता. तो 1644 साली दुसऱ्या ग्रंथातून प्रकट झाला. शिक्षा एकाला झाली, परंतु मौन अनेकांवर आले. ही गोष्ट आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही.

परंतु इतिहास तेथे संपत नाही. पिएर गॅसेंडी नावाच्या कॅथलिक धर्मगुरूने 1640 साली मार्सेय बंदरात वेगाने वल्हविलेल्या जहाजाच्या डोलकाठीवरून दगड सोडून दाखविला. तो मागे न पडता डोलकाठीच्या पायथ्याशीच पडला. बोलोन्यामध्ये येशूसंघीय फादर रिच्चोली यांनी सुमारे 97 मीटर उंचीच्या आसिनेल्ली मनोऱ्यावरून गोळे सोडले. वेळ अचूक मोजता यावी म्हणून त्यांचे सहकारी चोवीस तास लंबकाची आंदोलने मोजीत बसले होते. रिच्चोली यांना पृथ्वीचे फिरणे मान्य नव्हते. तरीही गॅलिलिओचा 1, 3, 5, 7 हा हिशेब बरोबर ठरतो, असे त्यांनी 1651 साली प्रामाणिकपणे छापले. ज्याच्याशी आपले मत जुळत नाही त्याच्या बाजूने साक्ष देणे सोपे नसते.

देकार्तचाही एक दोष उरला होता. जगातील गतीची एकूण राशी कायम राहते हे त्याने सांगितले, पण दिशा मोजली नाही. ओल्या मातीचे दोन सारखे गोळे सारख्या वेगाने समोरासमोर आदळले तर दोन्ही थांबतात; मग गती गेली कोठे? लंडनच्या रॉयल सोसायटीने 1668 साली हा आघाताचा प्रश्न विद्वानांपुढे ठेवला. वॉलिस, रेन आणि हॉलंडचे हायगेन्स यांच्या उत्तरांतून निष्पन्न झाले की, एका दिशेचा संवेग अधिक धरला तर उलट दिशेचा उणा धरावा. आदळण्यापूर्वी बेरीज शून्य होती, नंतरही शून्यच आहे. काहीही हरवलेले नाही.

आणि 1687 साली न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' प्रसिद्ध झाला. त्यातील पहिला नियम असा : बाहेरून बल लागत नाही तोवर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि चालती वस्तू सरळ रेषेत त्याच वेगाने चालत राहते. दुसरा : संवेगातील बदल लावलेल्या बलाच्या प्रमाणात आणि त्याच्याच दिशेने होतो. वेगाने आलेला चेंडू झेलताना मुले हात मागे घेतात ती यामुळेच. तोच संवेग अधिक वेळात शून्यावर आणला की हाताला कमी बल सोसावे लागते. तिसरा : क्रियेइतकीच प्रतिक्रिया उलट दिशेने होते. घोडा दगड ओढतो तेव्हा दगडही घोड्याला तितकाच मागे ओढतो. पहिल्या दोन नियमांचे श्रेय न्यूटनने गॅलिलिओला दिले आहे. पहिल्या नियमाच्या स्पष्टीकरणात त्याने कोणते उदाहरण घेतले असेल? भोवऱ्याचेच! भोवऱ्याचे कण एकमेकांना धरून ठेवतात म्हणून सरळ न जाता फिरत राहतात आणि हवा मंद करील तेवढाच तो मंदावतो.

ब्युरिदान यांचा आणि न्यूटनचा भोवरा एकच. बदलला तो प्रश्न. 'कोण फिरवतो?' याऐवजी 'कोण थांबवतो?' असे विचारले गेले. गती ही आता स्थिरतेसारखीच एक अवस्था झाली. कारण हवे ते तिच्यातील बदलाला. चंद्राला पुढे ढकलणारा देवदूत नको होता. त्याला सरळ वाटेवरून पृथ्वीकडे वळविणारे बल तेवढे हवे होते. दोन हजार वर्षे उत्तरे बदलून जे साधले नाही, ते प्रश्न बदलल्यावर साधले.

पुढे मिनिम संघाच्या ल सर व जाकिए या दोन व्रतस्थांनी रोममध्ये राहून 'प्रिन्सिपिया'वर विस्तृत टीपा लिहिल्या. त्या जिनिव्हात 1739 ते 1742 या काळात छापल्या गेल्या. तिसऱ्या खंडाच्या आरंभी त्यांना जाहीर करावे लागले की, पृथ्वीची गती आपण केवळ गृहीतक म्हणून घेत आहोत आणि पोपमहोदयांच्या आदेशांशी एकनिष्ठ आहोत. न्यूटन शिकवावयाचा आणि त्याची पृथ्वी मात्र मानावयाची नाही, अशी ती अवघड वेळ होती. गॅलिलिओचा ग्रंथ निषिद्ध ग्रंथांच्या सूचीतून 1835 साली गळला. 31 ऑक्टोबर 1992 रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्या काळच्या धर्मपंडितांची चूक उघडपणे मान्य केली, तेव्हा आम्ही सेमिनरीत होतो.

मग संत थॉमस यांच्या सूत्राचे काय, असे कोणी विचारील. ते सूत्र शक्यतेतून प्रत्यक्षात येण्याविषयी आहे, दगडाच्या प्रवासाविषयी नव्हे, असे त्यांचे समर्थक म्हणतात आणि आम्हांलाही ते पटते. पण एक खरे की, दगडामागे हात दिसत नाही म्हणून तेथे देवाचा हात दाखविण्याची घाई आम्ही करणार नाही. त्याची निर्मिती इतकी अपुरी नाही.

पुढल्या रविवारी मिस्सानंतर आम्ही त्या मुलाला बोलाविले आणि सांगितले, "बाळ, त्या दिवशी फादर चुकले. भोवऱ्याला कोणी फिरवत नाही. तो फिरतोच आहे. त्याला थांबवतं कोण ते शोध."

त्याने भोवरा मातीत टाकला, ओणवा होऊन टोकाकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "माती थांबवते, फादर. आणि थोडा वारा." मग काही न सांगता तो उठला आणि भोवरा घेऊन देवळाच्या व्हरांड्यातील गुळगुळीत लादीकडे धावला.