इकान्हो

इकान्हो : इंग्लंडमधील ईस्ट अँग्लिया या अँग्लो-सॅक्सन राज्यातील, संत बोटॉल्फ याने स्थापन केलेला व पुढे नामशेष झालेला ख्रिस्ती मठ. 'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल' या वर्षवार बखरीत इ. स. 654 खाली ईस्ट अँग्लियाचा राजा अ‍ॅना मारला गेल्याची आणि बोटॉल्फने इकान्हो येथे मठ बांधण्यास आरंभ केल्याची त्रोटक नोंद आहे. वेअरमथ-जॅरो मठाचा पुढे अधिपती झालेला चेओलफ्रिथ तरुणपणी बोटॉल्फच्या भेटीस गेला होता, असे चेओलफ्रिथच्या निनावी चरित्रात म्हटले आहे. मात्र इतिहासकार बीडच्या विख्यात चर्च-इतिहासात बोटॉल्फचा उल्लेखही नाही. श्रॉपशरमधील वेनलॉक मठाच्या दानलेखांत येणारे एका मठाचे नाव म्हणजे इकान्होच असे मानल्यास, त्याचा प्रभाव ईस्ट अँग्लियाबाहेरही पोचला होता असे दिसते. फोलकार्ड या मठवासीने अकराव्या शतकात लिहिलेले बोटॉल्फचरित्र घटनांनंतर चार शतकांनी रचलेले असल्यामुळे जपूनच वापरावे लागते.

मठाचे स्थान दीर्घकाळ वादग्रस्त होते. बोटॉल्फच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या लिंकनशरमधील बॉस्टनचा दावा आता मागे पडला असून, सफकमधील आल्ड नदीच्या भरतीच्या पाण्यालगतच्या उंचवट्यावरील आयकेन हे स्थळ बहुतेक अभ्यासक ग्राह्य धरतात. तेथील सेंट बोटॉल्फ चर्चच्या मनोऱ्याच्या भिंतीत 1977 मध्ये कोरीव दगडी क्रूसस्तंभाचा मोठा तुकडा आढळला. तो मठाच्या स्थापनेनंतर सुमारे दोन शतकांनी किंवा त्याहूनही उशिरा घडवलेला असल्याने मूळ मठाचा अवशेष नव्हे, तर जागेच्या पावित्र्याची स्मृती टिकून राहिल्याचा पुरावा ठरतो. नवव्या शतकातील डॅनिश स्वाऱ्यांत मठ नष्ट झाला असावा.