खान्देशाची राजधानी, महाराष्ट्राबाहेरची

जळगाव-भुसावळकडे लग्नकार्याला गेलो की एक प्रश्न ठरलेला असतो. "तुम्ही एम.पी.चे ना? मग मराठी इतकं चांगलं कसं?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण बुऱ्हाणपूरहून गाडी सुटली की वाघोड्यानंतर रावेर येतं. तेवढ्या अंतरात माणसाची भाषा बदलायची तरी कुठे?

उत्तर आधी जमिनीत शोधावं. उत्तरेला असीरगडाचा डोंगर आहे. त्याच्या पलीकडे खंडव्याकडे पडलेला पाऊस नर्मदेला जातो आणि अलीकडचा तापीला. खरा निमाड म्हणजे नर्मदेचं खोरं. आमचं दापोरा, बुऱ्हाणपूर, रावेर, सावदा हा सगळा तापीचा मुलूख. तीच काळी माती, त्याच केळीच्या बागा. सरकारी कागदावर आम्ही निमाडचे झालो, पण पाणी आम्हाला खान्देशातच धरून आहे.

आणि खान्देश हे नाव तरी कुठून आलं? फारुकी घराण्याच्या 'खान' या किताबावरून, असं सांगतात. या घराण्याची पहिली गादी थाळनेरला, म्हणजे आजच्या धुळे जिल्ह्यात, तापीकाठीच होती. मलिक नासिर खानाने असीरगड घेतला. गडाचं नाव ज्या आसा अहिरावरून पडलं असं म्हणतात, त्याच्याकडून तो कपटाने घेतल्याची कथा आहे. मग चौदाव्या शतकाच्या अखेरीस त्याने नदीच्या उत्तर काठावर नवं शहर वसवलं आणि खुलताबादच्या बुऱ्हानुद्दीन गरीब या सूफी संताचं नाव त्याला दिलं. समोरच्या काठावरचं जैनाबाद हे त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांच्या नावाचं. इथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी अवश्य पाहावा.

१६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला आणि बुऱ्हाणपूर मुघलांच्या दक्षिणेतल्या कारभाराचं ठाणं झालं. सातपुड्यातली वाट इथूनच खाली उतरते, त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेत येणाऱ्या फौजेला हे गाव टाळता येत नसे. मुमताजमहल १६३१ मध्ये इथेच गेली. जैनाबादच्या आहुखान्यात सहा महिने तिचा देह होता, नंतर तो आग्र्याला नेला. पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंगही १६६७ मध्ये इथेच वारले. मोहना-तापीच्या संगमावर त्यांची छत्री आहे. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजेने इथलं बहादूरपुरा लुटलं. त्या लुटीचं वर्णन वाचताना आपण नेमकं कोणत्या बाजूला उभं राहावं, हे बुऱ्हाणपूरकर मराठी माणसाला पटकन उमगत नाही!

त्या काळाचं जे काम आजही टिकून आहे, ते खुनी भंडारा. अब्दुर्रहीम खानखाना सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास हे झालं. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करायचं, बोगद्याला बेताचा उतार द्यायचा आणि वर ठराविक अंतरावर कुंड्या बांधायच्या. अशा शंभरावर कुंड्या आहेत. ना मोट, ना पंप. नुसत्या उतारावर पाणी शहराकडे येतं. पाणीपुरवठ्याच्या योजनांचे कागद रोज पाहणाऱ्या माझ्यासारख्याला तो उतार पाहून थोडी लाजच वाटते.

आता मूळ प्रश्न. राजधानी खान्देशाची, तर ती खान्देशातून सुटली कशी? १७६० च्या उदगीरच्या विजयानंतर बुऱ्हाणपूर आणि असीरगड निजामाकडून पेशव्यांकडे आले आणि पुढे शिंद्यांकडे गेले. घोळ झाला तो इथे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा पेशव्यांचा खान्देश इंग्रजांनी मुंबई इलाख्याला जोडला. असीरगड त्यांनी पुढच्याच वर्षी घेतला, पण बुऱ्हाणपूर शिंद्यांकडेच राहिलं. इंग्रजांना ते मिळालं १८६० साली, मुलखाच्या अदलाबदलीत, आणि ते जोडलं गेलं निमाड जिल्ह्याला. पुढे निमाड मध्य प्रांतात गेला. शिंद्यांऐवजी ते पेशव्यांकडेच राहिलं असतं, तर आज आपण बहुधा मुंबईला अर्ज करत असतो.

तरीही मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती. १९५० नंतर त्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदीच्या जोडीने मराठीही राज्यभाषा होती. खरी ताटातूट झाली ती १ नोव्हेंबर १९५६ ला. विदर्भ मुंबई राज्यात गेला, निमाड मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळ झाली. राज्याचं नाव तेच राहिलं, पण आपली भाषा कचेरीतून गेली. १५ ऑगस्ट २००३ ला बुऱ्हाणपूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा खंडव्याचे हेलपाटे वाचले, पण हद्द होती तिथेच राहिली.

जाता जाता मंडळाच्या सभासदांना एक विनंती. शिंदेशाहीत कारभार मोडीत चाले. आपल्यापैकी कोणाच्या घरी वतनाचे, जमिनीचे, देवस्थानाचे मोडी कागद ट्रंकेत पडून असतील, तर 'वाचता येत नाही' म्हणून ते रद्दीत घालू नका. पावसाळा ओसरला की उन्हात नव्हे, सावलीत पसरून वाळवा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि मंडळाला कळवा. मोडी वाचणारे अजून मिळतात.